शोनान: तोक्यो-योकोहामाच्या शेजारचा हा किनारा नेमका कोणाचा?

खाजणकाठ (धागालेखक)

गेली नऊ वर्षे मी फुजिसावा शहरात राहतो आणि नोकरीसाठी रोज योकोहामाला जातो. भारतातून येणारे नातेवाईक आणि मित्र मला हमखास एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे कामाकुरा आणि एनोशिमा बेट तोक्योहून एका दिवसात उरकता येईल का. उरकता येते. तोक्यो स्थानकावर योकोसुका मार्गाची गाडी पकडली की साधारण तासाभरात कामाकुरा येते, दुपारपर्यंत महाबुद्धाचे दर्शन होते आणि हवा स्वच्छ असेल तर संध्याकाळी एनोशिमाच्या पुलावरून फुजी पर्वतही दिसतो. मात्र या किनाऱ्याविषयी मराठीत जे काही लिहिले जाते ते बहुतेक या एका दिवसाच्या मापाचे असते, आणि त्यात न मावणारे पुष्कळ बाहेर राहते. ते येथे एकत्र करावे असा विचार आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. शोनान हे नाव मुळात चीनमधून आलेले आहे. हुनान प्रांतातून वाहणाऱ्या श्यांग नदीच्या दक्षिणेकडील रम्य प्रदेशाचे ते नाव सागामी उपसागराच्या या किनाऱ्याला सतराव्या शतकात ओइसो येथील एका शिलालेखाने चिकटवले, आणि ती शिला शिगितात्सु-आन या कवींच्या कुटीशी निगडित आहे. पुढे या नावाची हद्द कोणीच पक्की केली नाही. ओइसो, हिरात्सुका, चिगासाकी आणि फुजिसावा यांच्याविषयी फारसा वाद नसतो. कामाकुरा, झुशी आणि हायामा यांचे नाव काढले की लगेच मतभेद होतात. १९९४ साली सरकारने मोटारींसाठी 'शोनान' अशी नंबरपाटी सुरू केली, तेव्हा ती हाकोनेच्या डोंगरातील गाड्यांनाही मिळाली, पण समुद्राला लागून असलेल्या कामाकुराच्या गाड्यांवर मात्र 'योकोहामा' हीच पाटी राहिली. ज्या गावाचे छायाचित्र शोनानच्या प्रत्येक जाहिरातीत झळकते, ते गाव वाहन नोंदणीच्या हिशेबात शोनानमध्ये नाही!

आज आपण या पट्ट्याला महानगराच्या शेजारचा किनारा म्हणतो, पण एके काळी सत्तेचे केंद्रच येथे होते. मिनामोतो नो योरितोमो याने ११८० साली कामाकुरात बस्तान बसवले, ११९२ मध्ये त्याला शोगुनपद मिळाले आणि १३३३ पर्यंत जपानचा लष्करी कारभार येथून चालला. तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र असलेल्या या जागेत बाहेरून यायचे तर डोंगर कापून केलेल्या अरुंद खिंडींतूनच यावे लागे. १२३२ साली किनाऱ्यावर दगड रचून वाकाएजिमा हे बंदर बांधले गेले. ओहोटीच्या वेळी त्याचे दगड आजही उघडे पडतात आणि झाइमोकुझाच्या वाळूत चिनी हिरवट भांड्यांची खापरे अधूनमधून सापडतात. सत्ता गेल्यावर मात्र येथे मासेमारीची गावे, देवळे आणि यात्रेकरू एवढेच उरले. एदो काळात (१६०३ ते १८६८) तोक्योची माणसे एनोशिमाच्या यात्रेला पायी येत, तेव्हाही हा किनारा शहराचाच होता म्हणायचे, फक्त ते वर्षातून काही दिवसांपुरते.

खरा बदल आगगाडीने केला. १८८५ साली लष्करी वैद्य मात्सुमोतो जुन यांनी ओइसो येथे समुद्रस्नानाचा किनारा सुरू केला, दोन वर्षांनी मुख्य लोहमार्ग फुजिसावा-ओइसोपर्यंत आला, आणि १८८९ मध्ये ओफुनाहून कामाकुरामार्गे योकोसुकाला फाटा निघाला. हा फाटा नौदलाच्या तळासाठी होता आणि सरळ रेषा काढण्याच्या घाईत तो एंगाकु-जी या झेन मठाच्या आवारातून नेला. आजही मठाचे तळे आणि मुख्य दरवाजा यांच्या मधून रूळ जातात. समुद्रस्नान प्रकृतीला हितकारक असल्याचे जर्मन वैद्य एर्विन बेल्त्स सांगत होते, त्यामुळे राजघराणे हायामाला आले आणि मंत्री ओइसोला. तैशो सम्राटांचे निधन २५ डिसेंबर १९२६ रोजी हायामाच्या राजवाड्यातच झाले, म्हणजे पुढच्या सम्राटाचे शोवा युग या समुद्रकाठी सुरू झाले.

महाबुद्धाबद्दल थोडक्यात: कांस्य मूर्तीचे काम १२५२ साली सुरू झाले, उंची सुमारे ११.३ मीटर, वजन सुमारे १२१ टन. मूर्तीभोवती पूर्वी मंदिर होते आणि १४९८ च्या त्सुनामीने ते वाहून नेले, असे मार्गदर्शिकांत लिहिलेले असते.

माझे म्हणणे इतकेच आहे, की हा किनारा आज दिसतो तसा निसर्गाने ठेवलेला नाही आणि गावकऱ्यांनीही एकट्याने घडवलेला नाही. शेजारच्या महानगराशी दीडशे वर्षे चाललेल्या घासाघिशीतून तो उरला आहे. सदस्यांनी यात भर घालावी आणि चुका दाखवाव्यात.

रूळमित्र

लेख आवडला. आगगाडीचा उल्लेख आला आहे, तर एनोदेन या छोट्या रेल्वेला एक परिच्छेद तरी मिळायला हवा होता, म्हणून तो मीच लिहितो. फुजिसावा ते कामाकुरा हा एकेरी मार्ग अवघा १० किलोमीटर लांब आहे आणि त्यावर १५ स्थानके आहेत. पहिला टप्पा १९०२ साली सुरू झाला आणि १९१० मध्ये गाडी कामाकुरापर्यंत पोहोचली. घरांच्या परसदारांना जवळजवळ घासून जाणारी ही गाडी एनोशिमा आणि कोशिगोए या दोन स्थानकांदरम्यान चक्क रस्त्याच्या मधून धावते आणि मोटारी बाजूला सरून तिला वाट देतात. त्यानंतर ती समुद्राला लागून निघते.

एकेरी मार्गामुळे येथे वाटेल तेवढ्या गाड्या वाढवता येत नाहीत, कारण समोरून येणारी गाडी ठरावीक जागीच ओलांडावी लागते. पूर्वी दर १२ मिनिटांनी गाडी असे. मार्च २०२३ पासून ती दर १४ मिनिटांनी सुटते, कारण चढण्या-उतरण्यास लागणारा वेळ वाढून वेळापत्रक कोलमडू लागले होते. गर्दी वाढली म्हणून गाड्या कमी झाल्या, हे वाक्य विचित्र वाटते, पण एकेरी मार्गाचे गणित असेच असते.

या गर्दीचा एक मोठा भाग कामाकुरा-कोको-माए या स्थानकाजवळच्या रेल्वे फाटकावर जमतो. १९९० च्या दशकातील बास्केटबॉलवरच्या एका गाजलेल्या जपानी कार्टून मालिकेच्या सुरुवातीला हे फाटक दिसते, एवढे एकच कारण त्यामागे आहे. तैवान, चीन आणि कोरियातून आलेले चाहते समुद्राच्या पार्श्वभूमीवर हिरवी गाडी टिपण्यासाठी रस्त्यात उभे राहतात आणि त्यांना आवरायला रखवालदार नेमावे लागतात.

ओफुनाहून शोनान-एनोशिमाला जाणारी टांगती मोनोरेल मात्र कोणी पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ६.६ किलोमीटरचा तो मार्ग १९७१ साली पूर्ण झाला. डबे रुळाखाली लोंबकळतात आणि डोंगरातील बोगद्यांतून तसेच लोंबकळत जातात.

सप्तस्वरा

खाजणकाठ, आपण एनोशिमाचे नाव घेतले आणि तेथील देवतेविषयी एक शब्दही लिहिला नाही, याचे नवल वाटले. एनोशिमाची बेन्झायतेन म्हणजे आपली सरस्वती. चिनी भाषांतरित बौद्ध सूत्रांबरोबर ती जपानमध्ये गेली आणि नदीची देवता असल्यामुळे तेथे पाण्याच्या काठी, बेटांवर आणि गुहांत स्थिरावली. बेटावरील एका मूर्तीच्या हाती वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य आहे. दुसरी मूर्ती आठ हातांची असून तिच्या हाती शस्त्रे आहेत, कारण सुवर्णप्रभास सूत्रात सरस्वती अष्टभुजा आणि राष्ट्ररक्षक म्हणून येते. ११८२ साली योरितोमोने येथे बेन्झायतेनची स्थापना करवली ती विद्येसाठी नव्हे. उत्तरेकडील फुजिवारा नो हिदेहिरा या प्रतिस्पर्ध्याचा बीमोड व्हावा म्हणून केलेले ते अनुष्ठान होते. पाटीपूजनाला आपण जिच्यापुढे हात जोडतो तिच्याकडे एका सेनानीने शत्रूचा नाश मागितला, हे वाचून मी थोडा वेळ थबकले होते.

कामाकुराच्या डोंगरात झेनिआराई बेन्तेन हे तिचेच आणखी एक ठाणे आहे. तेथील गुहेतल्या झऱ्यात लोक टोपलीत नोटा आणि नाणी ठेवून धुतात, म्हणजे ते पैसे वाढतात अशी श्रद्धा आहे. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरी नांदत नाहीत असे आपण म्हणतो. जपान्यांनी तो प्रश्न लक्ष्मीचे काम सरस्वतीकडेच सोपवून सोडवला.

मुंबईकरांसाठी आणखी दोन दुवे देते. हासे-देरा या मंदिरातील ९.१८ मीटर उंचीची लाकडी कान्नोन म्हणजे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. कापूरवृक्षाच्या एका खोडातून दोन मूर्ती घडवल्या, त्यांपैकी एक समुद्रात सोडली आणि ती पंधरा वर्षांनी या किनाऱ्याला लागली, अशी कथा आहे. भारतात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहायचा असेल तर कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात जावे लागते, आणि भारतात असे शिल्प अत्यंत दुर्मीळ आहे. बोरिवलीच्या जंगलातील ते शिल्प आणि हासेच्या डोंगरावरील ती मूर्ती एकाच कल्पनेची रूपे आहेत.

दुसरा दुवा निचिरेन यांचा. हे भिक्षू कामाकुराच्या रस्त्यांवर उभे राहून राज्यकर्त्यांना खडे बोल सुनावत. १२७१ साली त्यांना एनोशिमासमोरच्या तात्सुनोकुची या वधस्थळी नेले. परंपरा सांगते की ऐन वेळी एनोशिमाच्या दिशेने एक तेजोगोल आला आणि तलवार उगारलेला हात थांबला. त्यांना सादो बेटावर हद्दपार करण्यात आले. त्या जागी आता र्युको-जी हे मंदिर आहे; रूळमित्र यांनी वर्णन केलेली रस्त्यातून जाणारी गाडी त्याच्या दारावरूनच वळते. याच निचिरेन परंपरेतील निचिदात्सु फुजिई हे भिक्षू १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि सेवाग्रामच्या प्रार्थनेच्या आरंभी म्हटला जाणारा 'नम्यो हो रेंगे क्यो' हा मंत्र तेथून आला. वरळीच्या जपानी मंदिरात डफासारख्या चामडी वाद्यावर याच मंत्राचा ठेका चालतो.

शंकेखोर

दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला आक्षेप १४९८ च्या त्सुनामीवर आहे. एक झेन भिक्षू-कवी १४८६ साली कामाकुराला आला होता आणि बुद्ध उघड्यावर बसला असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. मंदिर बारा वर्षे आधीच नसेल तर ते त्सुनामीने नेले कसे? चौदाव्या शतकातील वादळांत ते पडल्याच्या नोंदी आहेत. पुन्हा बांधण्याइतका पैसा आणि सत्ता गावात उरली नव्हती, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मार्गदर्शिकांना समुद्राची लाट आवडते, कारण दिवाळखोरीचे चित्र काढता येत नाही.

दुसरा आक्षेप 'घासाघीस' या शब्दावर आहे. घासाघिशीत दोन्ही बाजू काहीतरी नाकारू शकतात. गावाने शहराला कधी काही नाकारले, असे एक तरी उदाहरण आपण द्यावे. मला तर सगळा इतिहास शहराने मागितले आणि किनाऱ्याने दिले असाच दिसतो.

खाजणकाठ

शंकेखोर, पहिली दुरुस्ती मान्य आहे आणि मी ती आभारपूर्वक स्वीकारतो. दुसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे.

१९६४ हे तोक्यो ऑलिंपिकचे वर्ष. शिडांच्या शर्यतींसाठी एनोशिमाला नवे बंदर बांधले गेले आणि वाढत्या महानगराला घरांसाठी जमीन हवी होती. त्याच वर्षी त्सुरुगाओका हाचिमान-गू या मुख्य देवस्थानाच्या मागे, ओयात्सु नावाच्या दरीत, जंगल तोडून वसाहत उभारण्याची योजना पुढे आली. रहिवासी बुलडोझरसमोर उभे राहिले. कामाकुरात राहणारे कादंबरीकार ओसारागी जिरो यांनी इंग्लंडमधील नॅशनल ट्रस्टच्या धर्तीवर संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, लोकांनी वर्गणी काढली आणि सुमारे दीड हेक्टर जमीन विकत घेऊन ती कायमची मोकळी ठेवली. जपानमधील ही या प्रकारची पहिली चळवळ मानली जाते. १९६६ साली संसदेने प्राचीन राजधान्यांच्या जतनाचा जो कायदा केला, आणि ज्याने क्योतो-नारा यांच्याबरोबर कामाकुराच्या टेकड्यांनाही संरक्षण दिले, त्यामागे या आंदोलनाचा मोठा वाटा होता. महाबुद्धाच्या पाठीमागे आज जी हिरवी टेकडी दिसते ती आपोआप हिरवी राहिलेली नाही.

अलीकडचेही एक उदाहरण देतो. झुशीच्या किनाऱ्यावर उन्हाळी पार्ट्यांचा धुडगूस वाढला, तेव्हा २०१४ साली तेथील नगरपालिकेने वाळूवर मद्यपान आणि मोठ्या आवाजातील संगीत यांना बंदी घालणारा कडक नियम केला.

अर्थात प्रत्येक वेळी गाव जिंकतेच असे नाही. जागतिक वारसा यादीसाठी कामाकुराचा प्रस्ताव गेला होता, पण तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये प्रतिकूल शिफारस केली आणि तो मागे घ्यावा लागला. सामुराई राजधानीचे जमिनीवर दिसणारे अवशेष पुरेसे नाहीत असे कारण होते. माझ्या शेजारच्या आजींना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरे झाले, गर्दी आधीच कमी नाही." पावणेदोन लाख लोकवस्तीच्या शहरात महासाथीपूर्वी वर्षाला सुमारे दोन कोटी पर्यटक येत होते, त्यामुळे आजींचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

वाळूचे_गणित

मी किनारा अभियांत्रिकीत काम करतो, म्हणून चर्चेतून सुटलेला मुद्दा मांडतो, तो म्हणजे वाळू. शोनानच्या पश्चिमेकडील किनाऱ्याला वाळू प्रामुख्याने सागामी नदी पुरवते. नदीच्या मुखाशी आलेली वाळू लाटांबरोबर पूर्वेकडे, चिगासाकीवरून एनोशिमाच्या दिशेने सरकत जाते. हा पुरवठा अखंड असेपर्यंत किनारा जागच्या जागी राहतो. वाळू येत असते, जात असते आणि हिशेब जुळत असतो.

१९४७ साली नदीवर सागामी धरण पूर्ण झाले आणि १९६५ मध्ये शिरोयामा धरण. योकोहामा आणि कावासाकी यांच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा या व्यवस्थेतून येतो, पण पाण्याबरोबर खाली येणारा गाळ मात्र धरणांमागे अडकतो. याच काळात शहरांच्या बांधकामासाठी नदीपात्रातील वाळू आणि खडी इतकी उपसली गेली की १९६० च्या दशकात त्यावर बंदी आणावी लागली. शहराने या किनाऱ्याची वाळू दोन वाटांनी नेली, एकदा पाण्याच्या बदल्यात आणि एकदा काँक्रीटच्या रूपात. त्यात चिगासाकीच्या मासेमारी बंदराचा बंधारा वाळूची पूर्वेकडची वाट अडवतो, त्यामुळे बंदराच्या पुढचा किनारा झिजला आणि आता तेथे बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. ती वाळू लाटा पुन्हा पुढे नेतात, म्हणून पुन्हा टाकावी लागते. वरच्या धरणात साचलेला गाळ खोदून ट्रकने किनाऱ्यावर आणण्याचे प्रयोगही झाले आहेत; नदी जे काम फुकटात करत होती ते आता डिझेल जाळून करावे लागते.

शंकेखोर यांचा प्रश्न योग्य होता, फक्त तो टेकडीला लागू केला तर एक उत्तर येते आणि वाळूला लागू केला तर दुसरे. टेकडीसाठी माणसे उभी राहिली, कारण झाडे तोडलेली दिसतात. वाळू कमी होताना दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा तिच्यासमोर उभे राहण्यासारखा बुलडोझर नसतो.

सप्तस्वरा

वाळूचे_गणित, प्रतिसाद दोनदा वाचला. भूकंपाविषयीही लिहाल का? १९२३ चा भूकंप आपण नेहमी तोक्योच्या आगीच्या संदर्भात वाचतो.

वाळूचे_गणित

तोक्योत आग होती, म्हणून जगाने तोक्यो लक्षात ठेवले. हादरा मात्र शोनानच्या पायाखालून आला. १ सप्टेंबर १९२३ रोजी सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी ७.९ तीव्रतेचा हा भूकंप झाला, तेव्हा फुटलेला प्रस्तर सागामी उपसागर आणि त्यालगतच्या भूभागाखाली होता. कामाकुरातील घरे आणि देवळे कोसळली, काही मिनिटांतच त्सुनामी आली, आणि महाबुद्धाचे बैठकस्थान खचून मूर्ती जागची हलली. ओइसोपासून मिउरा द्वीपकल्पापर्यंत किनाऱ्याची जमीन कायमची वर उचलली गेली. १९६०-६१ च्या दुरुस्तीत मूर्तीची मान आतून प्लास्टिकच्या थरांनी बळकट केली आणि बैठकीखाली स्टेनलेस पोलादाचा पत्रा घातला, म्हणजे मोठा हादरा बसला तर मूर्ती मोडण्याऐवजी घसरावी. आता कामाकुरात फिरताना विजेच्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेल्या पाट्या दिसतील. त्या वाचत चला आणि टेकडी कोणत्या बाजूला आहे ते ध्यानात ठेवा.

योकोहामातील हिंदी व्यापाऱ्यांनाही या भूकंपाचा मोठा तडाखा बसला होता. त्या वेळी शहराने केलेल्या मदतीची आठवण म्हणून त्यांनी १९३० च्या दशकात यामाशिता बागेत घुमटाचे एक पाणपोईवजा स्मारक बांधून दिले आणि ते अजून उभे आहे.

शंकेखोर

माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा वाळूचे_गणित यांनी माझ्या वतीने सिद्ध केला आहे.

महाबुद्धाच्या आवारातील एका शिळेचा उल्लेख कोणी केला नाही, तो करतो. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत श्रीलंकेचे प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी जपानकडून नुकसानभरपाई मागण्यास नकार दिला आणि वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन उद्धृत केले. ते पुढे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ते वचन कोरलेली शिळा तेथे आहे. लोक मूर्तीसमोर छायाचित्र काढतात आणि तिच्या बाजूने निघून जातात.

रूळमित्र

पुढच्या एप्रिलमध्ये येण्याचा विचार आहे. कच्चे शिरासू तेव्हा मिळतील का, आणि एका दिवसाच्या मापाबाहेरचे एखादे ठिकाण सांगाल का?

खाजणकाठ

एप्रिलमध्ये मिळतील. शिरासू म्हणजे तारलीच्या कुळातील माशांची काचेसारखी पारदर्शक पिल्ले. येथील कोळी १ जानेवारीपासून मार्चच्या दहा तारखेच्या सुमारापर्यंत त्यांची मासेमारी बंद ठेवतात, त्यानंतर हंगाम सुरू होतो. मात्र समुद्र खवळलेला असेल तर होड्या जात नाहीत आणि दुकानावर 'आज कच्चे नाहीत' अशी पाटी लागते. तेव्हा उकडलेले घालून केलेला भात खावा, तोही चांगला असतो.

ठिकाण विचारले आहे तर चिगासाकीला या. ११९८ साली सागामी नदीवर एक पूल बांधला गेला आणि त्याच्या समारंभाहून परतताना योरितोमो घोड्यावरून पडला. काही दिवसांतच, ११९९ च्या सुरुवातीला, तो वारला. पुढे नदीने पात्र बदलले, पूल गाडला गेला आणि त्यावर भातशेती झाली. १९२३ च्या भूकंपात जमीन चिखलासारखी पातळ झाली, तेव्हा त्या पुलाचे लाकडी खांब सव्वासातशे वर्षांनी भाताच्या खाचरातून वर आले. ती जागा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ च्या अगदी कडेला आहे आणि मी तीनदा गेलो तेव्हा तेथे माझ्याशिवाय कोणी नव्हते. तळ्यात उभे दिसणारे खांब प्रतिकृती आहेत हे आधीच सांगून ठेवतो. खरे खांब कुजू नयेत म्हणून त्यांच्याच खाली पुन्हा पुरून ठेवले आहेत.